पाण्याच्या पायऱ्या

[धबधबा पाहावयाचा म्हणजे कड्याच्या पायथ्याशी उभे राहून मान वर करावयाची, असा आपला नेहमीचा अनुभव आहे. परंतु जमैका बेटावर एक धबधबा असा आहे, की तो चढून जावा लागतो. समुद्रपर्यटनाला निघालेले उतारू काही तासांपुरते तेथे येतात आणि वाटाड्याच्या मागोमाग, हातात हात घालून, वाहत्या पाण्यातून वर जातात. या सहलीचे वर्णन प्रस्तुत पाठात केले आहे.]

उत्तर अमेरिका व दक्षिण अमेरिका या दोन खंडांच्या दरम्यान कॅरिबियन समुद्र पसरलेला आहे. या समुद्रात लहानमोठ्या बेटांची एक लांबच लांब माळ आहे. क्यूबाच्या दक्षिणेस असलेले जमैका हे त्यांपैकी एक प्रमुख बेट होय. त्याची पूर्वपश्चिम लांबी सुमारे 235 किलोमीटर आहे. बेटाचे मूळ रहिवासी ताइनो लोक. त्यांच्या भाषेतील ‘झायमाका’ या शब्दावरून जमैका हे नाव आले आणि ‘वनांची व पाण्याची भूमी’ असा त्याचा अर्थ सांगतात. आपल्याकडील मुलांच्या कानांवर या बेटाचे नाव येते ते बहुधा क्रिकेटमुळे. 1971 च्या फेब्रुवारी महिन्यात जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे झालेल्या कसोटी सामन्यात, गोव्यातील मडगावी जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी 212 धावा काढल्या होत्या.

किंग्स्टन हे बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. आपल्याला जावयाचे आहे ते उत्तर किनाऱ्यावर, ओचो रिओस या बंदरात. ‘ओचो रिओस’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘आठ नद्या’ असा होतो. परंतु तेथे आठ नद्या मोजावयास जाल, तर त्या सापडावयाच्या नाहीत. स्पॅनिश लोक या किनाऱ्याला ‘लास चोरेरास’ म्हणजे ‘धबधब्यांचा प्रदेश’ असे म्हणत. इंग्रजांच्या तोंडी त्या नावाचा अपभ्रंश झाला असावा, असे मानले जाते. नावाचा इतिहास काहीही असो, पाण्याची विपुलता मात्र खरी आहे.

सकाळच्या प्रहरी एखादे प्रचंड जहाज ओचो रिओसच्या धक्क्याला लागते. ते दुरून पाहिले असता समुद्रात एखादी अनेक मजली इमारतच तरंगत आहे, असा भास होतो. अशा एकेका जहाजात तीन-चार हजार उतारू असतात. त्यांत नवविवाहित जोडपी असतात, मुलाबाळांसह निघालेली कुटुंबे असतात, तसेच आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले वृद्धही असतात. सायंकाळी जहाज नांगर उचलणार असते. तत्पूर्वी प्रत्येकाने परत चढलेच पाहिजे. त्यामुळे उतारूंच्या हाती जेमतेम सहा-सात तास असतात. त्या अवधीत बेटाचे दर्शन घडावे म्हणून लहान लहान सहली आखलेल्या असतात. त्यांपैकी डन्स रिव्हर येथील धबधब्याची सहल सर्वांत प्रसिद्ध आहे.

बंदरापासून पश्चिमेकडे मोटारीने काही मिनिटे गेले, की धबधब्याचे उद्यान लागते. ते सरकारी मालकीचे आहे. आत शिरताच गर्द झाडीची थंडगार सावली अंगावर येते आणि पाण्याचा घोष कानी पडू लागतो. उतारूंना प्रथम खाली, समुद्रकिनाऱ्यावर नेतात. तेथे एक अपूर्व देखावा दृष्टीस पडतो. पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याच्या एका टोकाशी नदी थेट समुद्रात उडी घेते. इतर नद्या डोंगरावरून उतरल्यावर मैदानातून वाहत वाहत सागराला मिळतात. ही लहानशी नदी मात्र धबधब्याच्या रूपानेच सागराच्या भेटीस जाते. धबधब्याची उंची सुमारे 55 मीटर आहे. परंतु तो उभ्या कड्यावरून एकदम कोसळत नाही. सुमारे 180 मीटर लांबीच्या उतारावरून, एखाद्या राजवाड्याच्या विशाल जिन्यावरून उतरावे, तसे त्याचे पाणी पायरीपायरीने खाली येते. मध्ये मध्ये शांत डोह आहेत. ज्यांना पाण्यातून जाणे झेपत नाही, त्यांच्यासाठी धबधब्याच्या कडेने जिनाही बांधलेला आहे.

किनाऱ्यावर वाटाडे वाट पाहत असतात. हे जमैकाचेच रहिवासी. धबधब्यातील प्रत्येक खडक त्यांच्या परिचयाचा असतो. कोठे पाय निसटतो, कोठे डोह खोल आहे, कोणत्या पायरीवर लोंढा अंगावर येतो, हे त्यांना डोळे मिटूनही सांगता येईल. वाटाडा आपल्या वाट्यास आलेल्या मंडळींना एकत्र करतो, माणसे मोजतो आणि प्रत्येकाच्या पायांकडे पाहतो. पायांत रबरी तळव्याचे, पाण्यात वापरावयाचे जोडे असलेच पाहिजेत. ज्यांना हृदयाचा विकार आहे किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना तो कडेच्या जिन्याने जाण्यास सुचवितो. मग तो सर्वांना एका ओळीत उभे करून सांगतो, “एक हात पुढच्याच्या हातात द्या, दुसरा मागच्याच्या हातात. मी जेथे पाय ठेवीन, तेथेच पाय ठेवा. मी थांबलो, की सर्वांनी थांबावयाचे.” नियम एवढेच. परंतु पुढील तास-दीड तास याच नियमांवर सर्वांची सुरक्षितता अवलंबून असते.

अशा रीतीने माणसांची साखळी तयार होते. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेले लोक एकमेकांचा हात घट्ट धरून पाण्यात शिरतात. पाण्याचा पहिला शिडकावा अंगावर येताच कोणी किंचाळतो, कोणी मोठ्याने हसतो. पाण्याखालचा खडक दिसत नाही. तो पायाने चाचपडूनच ओळखावा लागतो. पुढचा मनुष्य मागच्याला सांगतो, “येथे खळगा आहे,” आणि मागचा तोच निरोप आणखी मागे पोहोचवितो. वाटाडा मध्येच एखाद्या अवघड जागी खडकाला पाय रोवून उभा राहतो आणि एकेकाला हात देऊन वर घेतो. एखादा डोह आला, की घटकाभर विसावा मिळतो. तेथे लोक पाण्यात मनसोक्त डुंबतात, वाटाडा त्यांची छायाचित्रे काढतो, आणि साखळी पुन्हा पुढे सरकू लागते.

आता येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. एवढ्या वेगाने पाणी वाहत असता या पायऱ्या झिजून नाहीशा कशा झाल्या नाहीत? आपल्या सह्याद्रीतील धबधबे अग्निजन्य काळ्या पाषाणावरून कोसळतात व तो पाषाण हळूहळू कोरीत जातात. जमैका बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग चुनखडीच्या दगडाचा आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना कार्बन डायॉक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्ल होते. असे पाणी चुनखडीतून जाऊ लागले, की थोडाथोडा चुना त्यात विरघळतो. हेच पाणी पुढे झऱ्यांच्या रूपाने उघड्यावर येते आणि खडकांवर आपटून त्याचे तुषार उडू लागतात. तेव्हा त्यातील वायू निघून जातो आणि विरघळलेल्या चुन्याचा घट्ट थर खडकांवर, शेवाळावर, पडलेल्या काटक्यांवर बसतो. ज्या गावच्या विहिरीचे पाणी जड असते, तेथे पाणी तापविण्याच्या बंबात आतून पांढरा थर साचलेला तुम्ही पाहिला असेल. डन्स रिव्हरची नदी हेच कार्य हजारो वर्षे करीत आली आहे. या थरांपासून बनलेल्या दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. येथे काही ठिकाणी माणसांनीही थोडी डागडुजी केली आहे. परंतु मुख्य कारागीर नदीच आहे. ती आपल्या पायऱ्या आपणच बांधते आणि झिजलेला भाग आपणच पुन्हा भरून काढते. तिचे हे काम फार सावकाश चालते. म्हणूनच खडकावर खुणा कोरणे, त्याचे तुकडे फोडून नेणे किंवा पाण्यात कचरा टाकणे हा तिच्या श्रमांचा अपमान ठरतो.

पुन्हा साखळीकडे वळू. समजा, साखळीच्या मध्यभागी साठी उलटलेल्या एक बाई आहेत. एका उंच पायरीपाशी त्या थबकतात. पाणी गुडघ्यांवर आदळत आहे आणि पाय उचलण्याचा धीर होत नाही. त्यांच्या मागे चार-पाच धडधाकट तरुण आहेत. ते एकटे असते, तर धावतच वर गेले असते. आता त्यांना लोंढ्यात तसेच उभे राहावे लागते. त्यांपैकी एकजण अधीर होऊन म्हणतो, “आम्ही बाजूने पुढे जाऊ का?” वाटाडा मान हलवितो. “तुम्ही हात सोडलात, तर त्यांना मागून आधार कोण देणार?” असे म्हणून तो दोन पायऱ्या खाली येतो आणि त्या बाईंना सांगतो, “माई, घाई नाही. आधी उजवा पाय. खडक पक्का आहे, मागचा हातही पक्का आहे.” मागचा तरुण आपली पकड घट्ट करतो. बाई पाय उचलतात. क्षणभर डगमगतात, आणि वर पोहोचतात. त्या तरुणाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो एकट्याने धावत वर जाऊन त्याला खचित मिळाला नसता. साखळीची चाल तिच्यातील सर्वांत मंद पावलाने ठरते. हा नियम त्या दिवशी त्याला पुस्तकाशिवाय कळलेला असतो.

या आनंददायक सहलीमागे बेटाचा दीर्घ इतिहास उभा आहे. जमैकाचे भाग्य नेहमी जहाजांनीच घडविले वा बिघडविले आहे. 1494 मध्ये कोलंबसाची जहाजे या उत्तर किनाऱ्यावर आली आणि स्पेनची सत्ता सुरू झाली. त्या सत्तेखाली ताइनो समाज अल्पावधीतच उद्ध्वस्त झाला. 1655 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. 1657 मध्ये क्यूबाहून आलेल्या स्पॅनिश सैन्याचा इंग्रजांनी याच धबधब्याच्या परिसरात पराभव केला. पुढे उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लक्षावधी माणसांना साखळदंडांनी जखडून जहाजांतून आणण्यात आले. ती गुलामगिरी 1838 मध्ये पूर्णपणे संपुष्टात आली. तेव्हा मळेवाल्यांना मजूर मिळेनात. म्हणून 10 मे 1845 रोजी हिंदी मजुरांना घेऊन पहिले जहाज जमैकाला पोहोचले. 1917 पर्यंत सुमारे 36,000 हिंदी लोक करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेले. त्यांपैकी अनेकजण तेथेच स्थायिक झाले. 6 ऑगस्ट 1962 रोजी जमैका स्वतंत्र झाले. ‘अनेकांतून एक जनता’ हे त्या राष्ट्राचे ब्रीद आहे. बेटावरील बहुसंख्य लोक आज आफ्रिकन वंशाचे आहेत. ज्यांच्या पूर्वजांना लोखंडी साखळ्यांत बांधून आणले, त्यांचेच वंशज आज परक्या देशांतील पाहुण्यांना हातांची साखळी धरावयास शिकवीत आहेत. ही गोष्ट मनाशी विचार करण्यासारखी आहे.

या वाटाड्यांचे जीवनही जहाजांवरच अवलंबून असते. उतारूंचे जेवण जहाजावर, झोपही जहाजावर. तेव्हा बेटावरील लोकांना जी काही कमाई व्हावयाची, ती त्या सहा-सात तासांतच होते. वाटाडे, मोटारचालक, लाकडी वस्तू कोरून विकणारे कारागीर, फळे विकणाऱ्या स्त्रिया या सर्वांची दृष्टी धक्क्याकडे लागलेली असते. 2020 च्या मार्च महिन्यात कोविडच्या साथीमुळे जगभरची पर्यटन जहाजे जागच्या जागी थांबली. जमैकाला पुन्हा असे जहाज लागले, ते 2021 च्या ऑगस्टमध्ये. एवढा दीर्घ काळ धबधबा पूर्वीप्रमाणेच वाहत होता. परंतु त्याच्या बळावर संसार चालविणाऱ्यांची चूल मात्र कठीण प्रसंगात सापडली होती. पुढे 28 ऑक्टोबर 2025 रोजी मेलिसा नावाचे भयंकर चक्रीवादळ बेटाच्या नैर्ऋत्य भागावर आदळले आणि घरांची, शेतांची व रस्त्यांची अतोनात हानी झाली. अशी संकटे सोसूनही जो मनुष्य हसतमुखाने पाहुण्याला हात देतो, त्याला नुसता नोकर समजणे योग्य होणार नाही. त्याच्या श्रमांचा मोबदला नीट द्यावा, त्याच्याशी आदराने बोलावे आणि त्याचा शब्द मानावा, हे पाहुण्याचे कर्तव्य होय.

त्याचा शब्द मानणे हे केवळ शिष्टाचार म्हणून आवश्यक नाही. वाहत्या पाण्यात तो जीवनमरणाचा प्रश्न असतो. डन्स रिव्हरला झऱ्यांचे पाणी मिळते, त्यामुळे एरवी तिचा प्रवाह बराचसा स्थिर असतो. तरीही अतिवृष्टी किंवा वादळ झाले, तर चढाई बंद ठेवतात. आपल्या सह्याद्रीतील ओढे याहून फार निराळे. ते पावसाच्याच पाण्यावर वाहतात. माथ्यावर एखादी जोरदार सर आली, की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा येतो. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एक कुटुंब ओढ्याच्या मध्यभागी खडकावर उभे होते. पाणी एकाएकी वाढले. त्या सर्वांनी एकमेकांना घट्ट धरले होते. तरीसुद्धा लोंढ्याने त्यांना ओढून नेले आणि पाच जणांना प्राणास मुकावे लागले. या दुःखद घटनेचा बोध स्पष्ट आहे. हातात हात असणे मोलाचे खरे. परंतु पाण्याची रीत जाणणारा कोणी पुढे असेल व त्याचे ऐकले जाईल, तरच ते हात तारतात. आपल्याकडील धबधब्यांवर जाताना जवळच्या गावातील माणसाला आधी विचारावे. तो ‘आज उतरू नका’ म्हणाला, तर परत फिरावे. परत फिरण्यात कमीपणा नाही. ओचो रिओसचा वाटाडाही वादळाच्या दिवशी पाण्यात पाऊल टाकीत नाही, आणि त्याला भित्रा असे कोणी म्हणत नाही.

शेवटची पायरी चढून सर्वजण वर येतात, तेव्हा सर्वांगातून पाणी निथळत असते आणि पाय थकलेले असतात. वाटाडा पुन्हा एकदा माणसे मोजतो. खाली मोजली तेवढीच वर भरली, म्हणजे त्याचे काम पुरे झाले. आता हात सोडावयास हरकत नसते. तरी काहीजण ते लगेच सोडीत नाहीत. सकाळी अनोळखी असलेली माणसे एकमेकांची नावे विचारतात, गावे विचारतात, वाटाड्याचे आभार मानतात. सायंकाळी जहाजाचा भोंगा वाजतो आणि हजारो उतारू दुसऱ्या बेटाच्या वाटेला लागतात. किनाऱ्यावर काळोख पसरतो. त्या काळोखातही नदी चुन्याचे कण वाहून आणीत असते, आणि उद्या येणाऱ्या पावलांसाठी आपल्या पायऱ्यांवर आणखी एक अतिशय पातळ थर चढवीत असते.

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) डन्स रिव्हर येथील धबधब्याचे पाणी शेवटी कोठे जाते?
(आ) चढण्यास आरंभ करण्यापूर्वी वाटाडा कोणत्या सूचना देतो?
(इ) ओचो रिओस या नावाविषयी कोणता समज आहे?

2. कारणे द्या.
(अ) या धबधब्याच्या पायऱ्या झिजून नाहीशा होत नाहीत.
(आ) वाटाड्याने तरुणांना बाजूने पुढे जाऊ दिले नाही.
(इ) जहाजे थांबल्यावर बेटावरील अनेक कुटुंबे अडचणीत आली.

3. ‘जमैकाचे भाग्य नेहमी जहाजांनीच घडविले वा बिघडविले आहे.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

4. डन्स रिव्हरचा धबधबा आणि सह्याद्रीतील धबधबे यांतील फरक खडक व पाणी या दोन मुद्द्यांना धरून सांगा.

5. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : कानी पडणे, पाय रोवणे, धीर होणे, प्राणास मुकणे.

6. तुमच्या गावाजवळील ओढा, नदी किंवा धबधबा यांविषयी वडीलधाऱ्या मंडळींकडून माहिती मिळवा. पावसाळ्यात तेथे कोणती काळजी घ्यावी, ते दहा ओळींत लिहा.